वाऱ्याची नळी

१

ती शेगडी तळघराच्या मधोमध ठेवलेली होती. पत्र्याची, तीन पायांची, एका अंगानं चेपलेली. आत कोळशाची राख.

"ही बघा," ठेकेदार विजयसिंह खराडे म्हणाले. त्यांचा आवाज आधीच मोठा, त्यात तळघरात तो घुमत होता. "बंद जागेत कोळसा पेटवला त्या बाईनं. चहा प्यायचा होता म्हणं. सात माणसं मरता मरता वाचली. आता ह्यात शोधायचं काय हाय, तुम्हीच सांगा मॅडम."

संघप्रिया शिंगेनं बोटानं राख चाळवून बघितली. ती शेगडीपाशी उकिडवी बसली होती. बांधकामावर अपघात झाला की तो कसा झाला हे शोधून काढणं, हा तिचा धंदा. पूर्वी ती सरकारी नोकरीत सुरक्षा तपासणीचंच काम करायची. मग नोकरी सोडून तिनं शाहूपुरीत स्वतःचं छोटं ऑफिस थाटलं. विमा कंपन्या बोलवत, वकील बोलवत, आणि क्वचित एखादा मालकही बोलवे. या वेळी मालकीणबाईंनी बोलावलं होतं. कावळा नाक्याजवळच्या या व्यापारी संकुलाच्या मालक पूर्णिमा सरनाईक त्यांच्यामागेच उभ्या होत्या, पदराचं टोक नाकाशी धरून.

घडलं होतं ते परवा. वर तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबचं काँक्रीट चाललं होतं. खाली, जमिनीखालच्या दुसऱ्या तळघरात, सात बायामाणसं भिंती घासून गिलाव्यासाठी तयार करत होती. दुपार व्हायच्या आत कुणाचं डोकं दुखायला लागलं, कुणाला उलट्या झाल्या, आणि तानाबाई नावाची बाई बेशुद्ध पडली. साइट इंजिनिअर यशराज नलवडे धावत खाली उतरला आणि एकेकाला उतारावरून वर घेऊन आला. सहाजण दवाखान्यातून घरी गेले. तानाबाई अजून ऑक्सिजनवर होती. सगळ्यांच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड सापडला होता.

आणि मग शेगडी सापडली. त्यामुळे विजयसिंहांच्या लेखी प्रकरण मिटलं होतं. उद्या सकाळी साइटवर यशराजचा सत्कार होता, आणि तो उरकला की तानाबाईविरुद्ध पोलिसांत तक्रार. तिची सगळी टोळी कामावरून बंद.

"इथं हवा खेळती ठेवायला काय सोय आहे?" संघप्रियानं विचारलं.

उत्तर यशराजनं दिलं. तिशीच्या आतला, सडपातळ, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "वर मागच्या अंगणात मोठा पंखा बसवलाय. त्याची ही नळी." त्यानं भिंतीलगत उतारावरून आलेली माणसाच्या कमरेएवढी जाड पिवळी ताडपत्रीची नळी दाखवली. "बाहेरची ताजी हवा ओढून इथं सोडते. परवाही चालू होती."

"तानाबाई शेगडीजवळ पडल्या होत्या?"

"नाही." यशराजनं नळीच्या टोकाकडे बोट केलं. "त्या नळीच्या तोंडाशी होत्या. तिथंच."

संघप्रिया उठून उभी राहिली. सात जणांपैकी एकटी तानाबाई ताज्या हवेच्या तोंडाशी बसली होती, आणि सगळ्यांत जास्त विष तिच्याच अंगात गेलं होतं.

२

"कफ बघितला का तिचा?" दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काजळी मिसळल्यासारखा काळा. कोळसा धुमसला तर गॅस होतो, हे खरं. पण एवढी काजळी त्यानं छातीत जात नाही. मला ते पटत नाही, एवढंच मी सांगू शकते."

तानाबाई उशीला टेकून बसली होती. चेहरा ओढलेला, पण नजर ताठ. गडहिंग्लजच्या पुढं तिचं गाव. भाताची कामं आटोपली की नवरा-बायको कोल्हापुरात बांधकामावर यायची. नवरा दुसऱ्या साइटवर सेंट्रिंगच्या कामाला होता. आता तो दाराशी बसून होता.

"तुम्ही पोलिसाकडच्या काय?" तानाबाईनं विचारलं. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क तिनं स्वतःच बाजूला केला.

"नाही. मी काय झालं ते शोधणारी आहे."

"मग सांगतो की. सकाळी बरं हुतं सगळं. मग वर काँक्रीटच्या गाड्या चालू झाल्या. जरा वेळानं डोळं चुरचुराय लागलं. डोस्कं असं दाबल्यागत झालं. आमच्यातली एकजण वकली. मी म्हटलं, ताजा वारा घ्यावा. म्हणून नळीच्या तोंडाशी जाऊन बसलतो."

"मग बरं वाटलं?"

तानाबाईनं मान हलवली. "तितं तर जास्तच. वास यायलता, बाई. यस्टी घाट चढताना मागनं कसा धूर सोडती, तसला. मी म्हटलं आपल्यालाच भास हुतोय. वारा देणाऱ्या नळीतनं धूर कसा यील? बसलो तितंच. म्होरचं काय कळलं न्हाय."

"आणि शेगडी?"

"कसली शेगडी?"

तिला अजून कुणी सांगितलंच नव्हतं. संघप्रियानं सांगितलं, सावकाश, एकेक गोष्ट. तानाबाई ऐकत राहिली. दाराशी बसलेला नवरा उठून उभा राहिला.

"माझ्या बरोबरच्या बायका," तानाबाई म्हणाली, "त्यास्नी मी मारायला निघालतो, असं म्हणत्यात?"

"उद्या सकाळपर्यंत म्हणतील," संघप्रिया म्हणाली. "त्यानंतर म्हणणार नाहीत."

शब्द तोंडून गेले, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की हातात अजून काहीच नाही. सकाळ फार लांब नव्हती.

३

साइटवर परतली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मुकादम कृष्णात गेटपाशी फळ्या रचत होता. सगळी टोळी त्यानंच गावाकडून आणलेली, त्यामुळे त्याच्या तोंडावर काळजी दिसत होती.

"परवा तू कुठं होतास?"

"वर. स्लॅबवर. काँक्रीट वतायला घेतल्यावर मुकादम हालतोय व्हय? पंधरा-वीस गडी साक्षीला हाईत. खालनं बोंब आली तवा मी शिडीवरनं उतारलो."

"आल्यावर काय बघितलंस?"

"यशराज साहेब आधीच आलेलं. माणूस वाघ हाय बघा. पंखा बंद केला, नाकाला रुमाल बांधला आन् सुटलं की खाली. दोघींना तर खांद्यावर टाकून आणलं. तिसऱ्या खेपंला त्यांचंच पाय लटपटायलतं. मग आम्हीबी उतरलो." कृष्णातनं डोळे पुसले. "खोटं कशाला बोलू, त्यो नसता तर माझी माणसं गेलती."

यशराज ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीत बसला होता. समोर चहा निवलेला.

"मला सत्कार नको होता," तो न विचारताच म्हणाला. "खराडे साहेबांनी ठरवलं. पेपरवाल्यांना पण त्यांनीच बोलावलंय."

"शेगडी कोणी शोधली?"

"मीच. सगळ्यांना दवाखान्यात पाठवल्यावर खाली परत बघायला गेलो, तेव्हा दिसली."

"स्लॅबचं काम मग थांबवलं?"

"थांबवता आलं नाही." तो खिडकीबाहेर बघत बोलत होता. "काँक्रीट मधेच तोडलं तर जोड कच्चा राहतो. स्लॅब वाया जातो. खराडे साहेब गडहिंग्लजच्या कामावर होते, तिथनं फोनवर फोन चालू होते त्यांचे. शेवटची गाडी रिकामी झाली तेव्हा संध्याकाळ झाली होती."

विजयसिंह मात्र बिलकुल थकलेले नव्हते. त्यांनी संघप्रियाला सगळी साइट फिरवून दाखवली. मागच्या अंगणात डिझेलवर चालणारा काँक्रीट पंप उभा होता. काँक्रीटच्या गाड्या बाजूच्या गेटनं येत आणि याच पंपाशी वळून उभ्या राहत. त्यांचं मागचं पिंप फिरतं राहावं म्हणून इंजिनं कधी बंद होत नसत. पलीकडे उताराच्या तोंडाशी तो पंखा.

"पंखा गाड्यांच्या एवढ्या जवळ?" संघप्रियानं विचारलं.

"तिथंच तर आमची हुशारी हाय." विजयसिंहांनी पंख्याच्या पाठीमागून निघालेला जाड नळ दाखवला. पत्र्याचा, गोल, सबंध अंगण ओलांडून कंपाउंडच्या भिंतीत केलेल्या भोकातून पलीकडे गेलेला. "पंखा इथली हवा घेतच न्हाय. भिंतीपलीकडं मोकळं रान हाय, तिथली घेतो. गाड्यांचा धूर इथं, हवा तिथली. पूर्णिमाताईंनी हट्टच धरला म्हणून केलं, पन केलं की. पंखा नवा, खालची नळी नवी. ह्याच आठवड्यात बसवल्यात. आता दोष कुणाला देणार तुम्ही?"

"खाली धूर भरला असता आणि तुम्ही इथं असता, तर आधी काय केलं असतं?"

"हे काय विचारणं झालं? पंखा फुल सोडला असता. वारा जास्त गेला तर माणसं जगतील ना." ते हसले आणि फोन कानाला लावून निघून गेले.

संघप्रिया जागीच थांबली. ठेकेदाराच्या त्या सरळसाध्या उत्तरात काहीतरी होतं, आणि ते काय हे तिला एकदम दिसलं. पण एवढ्यावरून एखाद्याचं आयुष्य उधळून चालणार नव्हतं.

४

गेटबाहेर आक्कांची चहाची टपरी होती. साठीच्या बाई, कपाळावर मोठं कुंकू, तोंड बंद राहणं ठाऊक नाही.

"बसा पावणं," त्या म्हणाल्या. "ग्यासवर करतो चहा. कोळशाचा चहा मागू नका, शेगडी गेली माझी."

संघप्रियानं बूड टेकता टेकता विचारलं, "कुठं गेली?"

"काय सांगू. परवा त्या बायकास्नी न्यायला गाडी आली न्हवं, तवा शेगडीवर चहाच ठेवलता मी. गाडीचा भोंगा ऐकला, तसाच टाकून पळालो गेटावर. तानाबाईला चादरीतनं नेलेलं बघितलं या डोळ्यांनी. गाडीमागनं पार नाक्यापतुर गेलो. परत येऊन बघतोय तर चहाचं पातेलं खाली ठेवल्यालं आन् शेगडी गायब. निखारं हुतं तिच्यात. असली गरम शेगडी कुनी पळवावी?"

"कशी होती? वर्णन सांगा."

"पत्र्याची. तीन पायाची. एका अंगाला चेपल्याली, माझ्या नातवानं सायकल घातलती तिच्यावर."

संघप्रियानं फोनवरचा फोटो पुढं धरला. आक्कांनी तो लांब धरून बघितला.

"ही की. माझीच. तुमच्याकडं कशी?"

म्हणजे तानाबाईला न्यायला गाडी आली तेव्हा ती शेगडी गेटबाहेर चहा उकळत होती. तळघरात ती नंतर गेली. आणि ती शोधल्याचं सांगणारा माणूस एकच होता.

तरी एक प्रश्न उरलाच. धूर आला कुठून? पंखा ताजी हवा घेत होता, नळ भिंतीपलीकडे होता, सगळं जिथल्या तिथं होतं. मग गाड्यांचा धूर त्यात शिरणार कसा?

संघप्रिया परत मागच्या अंगणात गेली. बॅगेतून तिनं पांढऱ्या कापडाचे तुकडे काढले. पहिला तुकडा तळघरात उतरणाऱ्या पिवळ्या नळीच्या आतून फिरवला. काढला तो काळाकुट्ट, तेलकट. दुसरा पंख्याच्या पात्यांवरून फिरवला. तोही काळा. पूर्णिमा सरनाईक आता शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"म्हणजे हे पंख्यातूनच खाली गेलं?"

"हो. कोळशाच्या शेगडीचा धूर उतारावरून उलटा चढून पंख्याच्या पात्यांवर बसत नाही. वारा वरून खाली जात होता. काजळी वरूनच आली. डिझेलच्या इंजिनाची."

"पण हवा तर रानातली घेतो तो."

"तेच बघायचंय."

तिनं तिसरा तुकडा काठीला गुंडाळला आणि भिंतीकडून येणाऱ्या पत्र्याच्या नळात, पंख्याच्या जोडापाशी आतवर घातला. दोन-तीनदा फिरवला. बाहेर काढून उजेडात धरला.

कापडावर लाल माती होती. वाळलेल्या गवताच्या काड्या होत्या. काजळीचा ठिपकासुद्धा नव्हता.

पूर्णिमा गोंधळून बघत राहिल्या. संघप्रियाच्या चेहऱ्यावर मात्र त्या दिवसातलं पहिलं हसू उमटलं.

"ताई," ती म्हणाली, "उद्याचा सत्कार अजिबात रद्द करू नका. आणि काँक्रीटच्या दोन गाड्या सकाळी रिकाम्याच मागवून घ्या."

५

मागच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. टेबलावर फेटा, शाल, नारळ. दोन पेपरवाले आले होते. टोळी पलीकडे भिंतीशी उभी होती, दवाखान्यातून घरी सोडलेल्या सहा जणांसकट. कामावरून काढलं तरी साहेबांनी जीव वाचवला म्हणून ती आली होती.

विजयसिंहांनी फेटा उचलला तेवढ्यात पूर्णिमा उभ्या राहिल्या.

"आधी शिंगे मॅडम काही सांगणार आहेत."

"नंतर सांगू दे की," विजयसिंह म्हणाले.

"आधी," पूर्णिमा म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, पण विजयसिंह खाली बसले.

संघप्रियानं खिशातून एक पिवळं यंत्र काढून सगळ्यांना दाखवलं. "हवेत विषारी वायू वाढला की हे ओरडतं. असंच एक आत्ता तळघरात नळीच्या तोंडाशी ठेवलंय. खाली कुणीही नाही. कृष्णात, पंखा चालू कर. आणि दोन्ही गाड्यांची इंजिनं चालू राहू देत."

पंखा घोंघावू लागला. गाड्या पंपाशी उभ्या राहून धूर सोडत होत्या. मंडळी वाट बघत राहिली. तळघरातून काही आवाज आला नाही.

"बघा," विजयसिंह म्हणाले. "आमची व्यवस्था चोख हाय."

"चोख आहे," संघप्रिया म्हणाली. "नळ जोडलेला असेल तर. कृष्णात, आता नळ पंख्यापासून सोडव आणि भिंतीकडे सरकव."

कृष्णातनं नळाचा पट्टा ढिला केला. नळ बाजूला झाला. अंगण एकदम मोकळं दिसायला लागलं. आणि पंख्याचं उघडं तोंड आता थेट गाड्यांकडे वासलेलं होतं.

यशराज खुर्चीत ताठ झाला होता.

"त्या दिवशी हा नळ असाच काढलेला होता," संघप्रिया म्हणाली. "खालची नळी आतून काळी आहे, पंख्याची पाती काळी आहेत, पण हा नळ आतून स्वच्छ आहे. धूर नळातून आला असता तर नळही काळा झाला असता. म्हणजे धूर थेट पंख्याच्या तोंडात शिरला. पंखा चालूच होता. माणसांना जगवणाऱ्या वाऱ्यातूनच गाड्यांचा धूर तासन्‌तास खाली ओतला जात होता. तानाबाई ताजी हवा घ्यायला नळीशी बसल्या, म्हणून त्यांनाच जास्त लागला."

"मग शेगडी?" एका पेपरवाल्यानं विचारलं.

"ती आक्कांची. तानाबाईंना न्यायला गाडी आली तेव्हा ती गेटबाहेर टपरीवर पेटलेली होती."

"माझीच हाय," गेटाकडून आक्का मोठ्यानं म्हणाल्या. टपरी सोडून त्या कधीच आत आल्या होत्या.

विजयसिंहांचा चेहरा तांबडा झाला. "नळ काढला कुणी? गाडीवाल्यानं काढला आसंल. आडवा येतोय त्यास्नी."

"आडवा येतो हे खरं. पण गाडीवाला काढेल आणि निघून जाईल. परत बसवायला तो येणार नाही. पण काल मी आले तेव्हा हा नळ जागेवर बसवलेला होता. तुम्ही गडहिंग्लजला होतात. कृष्णात सगळ्या टोळीसमोर स्लॅबवर होता." संघप्रिया टोळीकडे वळली. "मला एक सांगा. खाली धूर भरलाय, माणसं पडली आहेत, पंख्याचं बटण तुमच्या हाताशी आहे. काय कराल?"

"वाढवू की," दोन-तीन आवाज आले.

"फुल करायचा," कृष्णात म्हणाला. आणि बोलता बोलता थांबला. त्याचं तोंड उघडंच राहिलं. मान हळूहळू यशराजकडे वळली.

"खराडे साहेबांनीही हेच सांगितलं," संघप्रिया म्हणाली. "कुणीही हेच करेल. तळघरातल्या माणसांना तोच एक आधार. तो आधार बंद करून खाली उतरणारा माणूस एकच असू शकतो. पंखाच विष सोडतोय, हे ज्याला ठाऊक आहे तो."

त्याच क्षणी तळघरातून यंत्र किंचाळलं. तीक्ष्ण, थांबून थांबून, उतारावरून वर येणारा आवाज. टोळीतली एक बाई दचकून मागं सरली.

यशराज उठला. कुणी अडवायच्या आत पंख्यापाशी गेला आणि त्यानं बटण बंद केलं. मग तिथंच, पंख्याच्या सांगाड्याला धरून उभा राहिला.

"थोडा वेळ काढू म्हटलं होतं," तो म्हणाला. "गाडीला वळायला नळ आडवा येत होता. पहिल्या गाडीनं त्याला धक्का दिला. मागं चार गाड्या उभ्या, काँक्रीट घट्ट व्हायला लागलेलं. साहेबांचा फोन, स्लॅब थांबला तर तू घरी बस. मी नळ काढून ठेवला. एवढी गाडी झाली की लावू, मग पुढची झाली की लावू. वरच्या गडबडीत पुन्हा लक्षातच आलं नाही. बोंब ऐकली तेव्हा आठवलं."

"मग शेगडी का?" पूर्णिमांनी विचारलं.

तो सोडवलेल्या नळाकडे बघत म्हणाला, "सगळे गाडीतनं गेले. मी नळ बसवला. गेटाबाहेर शेगडी दिसली. मला वाटलं, तानाबाई काही जगत नाहीत. मेलेल्या बाईवर गेलं तर कुणाचं काय जाणार." त्यानं टोळीकडे बघितलं. "त्या जगल्या. मग मला बोलायला तोंडच उरलं नाही."

कृष्णात पुढं झाला. सगळ्यांना वाटलं तो हात उगारणार. त्यानं उगारला नाही.

"तुमी माझी माणसं खांद्यावर आणली, त्ये मी इसरणार न्हाय," तो म्हणाला. "पन तानाबाईचं नाव आत्ता हितं, ह्या पेपरवाल्यांम्होरं साफ करा. मोठ्यानं."

यशराजनं केलं. मोठ्यानं, पूर्ण नाव घेऊन, दोनदा. टेबलावरचा फेटा तसाच पडून राहिला.

६

पोलीस यशराजला घेऊन गेले. विजयसिंह तोंड सोडणार होते, पण पूर्णिमांनी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "फोन तुमचे होते."

टोळीला त्याच दिवशी परत कामावर बोलावलं. टोळीनं यायला नकार दिला.

हे कुणालाच अपेक्षित नव्हतं. कृष्णात पुढं, मागं सगळ्या बाया आणि गडी, गेटाबाहेर आक्कांच्या टपरीशी बसून राहिले. आधी व्यवस्था, मग काम. संघप्रियाला त्यांनी आपल्या बाजूला बसवून घेतलं, आणि तीही बसली. डिझेलचा पंप अंगणातून हलला पाहिजे, विजेवरचा आणा. गाड्या रांगेत उभ्या असतील तर त्यांनी गेटाबाहेर रस्त्याकडं तोंड करून राहायचं, आत एका वेळी एकच. हवेचा नळ आडवा नको, जमिनीखालून पक्का गाडा, म्हणजे काढायचं कुणाच्या मनातच येणार नाही. दोन्ही तळघरांत यंत्र. आणि यंत्र ओरडलं की काम थांबवायचा हक्क खालच्या माणसाचा, वरच्या साहेबाचा नाही.

शेवटच्या मागणीवर विजयसिंह अडून बसले. "मग कुनीबी उठून काम थांबवंल," ते म्हणाले.

"थांबवू दे," पूर्णिमा म्हणाल्या. "माझी इमारत आहे. थोडी उशिरा उभी राहील."

टपरीवर एकच कालवा उठला. आक्कांनी त्या दिवशी कुणाकडूनही चहाचे पैसे घेतले नाहीत, आणि नंतर वर्षभर तेच सगळ्यांना ऐकवलं.

तानाबाई बरी होऊन आली तेव्हा नळ गाडून झाला होता. विजेवरचा पंप आला होता, त्याचा आवाज एवढा कमी की स्लॅबवरची माणसं एकमेकांशी ओरडल्याशिवाय बोलत होती. तळघराच्या यंत्राची जबाबदारी टोळीनं एकमतानं तिच्याकडं दिली. तिनं ते पदरावर, खांद्याशी अडकवलं.

त्यानंतर एका स्लॅबच्या दिवशी संघप्रिया साइटवर आली होती. काम रंगात होतं. एका नव्या ड्रायव्हरनं नियम न समजून गाडी थेट उताराच्या तोंडाशी आणून उभी केली, इंजिन घरघरत ठेवून. थोड्याच वेळात खालून तो तीक्ष्ण आवाज आला.

टोळी वर यायला लागली. कुणी धावत नव्हतं, कुणी खोकत नव्हतं. हातातली घमेली, थाप्या घेऊन, बोलत बोलत उतार चढत होते. सगळ्यांत शेवटी तानाबाई. वर आल्यावर तिनं मागं वळून, कुणी राहिलं नाही ना, बघून घेतलं.

विजयसिंह स्लॅबवरून तरातरा खाली उतरले. सगळे त्यांच्याकडं बघत होते. ते गाडीकडं गेले, दार उघडलं, ड्रायव्हरच्या अंगावरून हात घालून किल्ली काढली आणि खिशात टाकली. अंगण एकदम शांत झालं.

"किती वेळ लागंल?" त्यांनी विचारलं.

तानाबाईनं यंत्राकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

"वारा साफ झाला की सांगतो," ती म्हणाली. "तवर बसा साहेब तितं, सावलीला."

विजयसिंह खराडे निमूट जाऊन बसले. त्यांच्या शेजारी कृष्णात बसला, मग सगळी टोळी. कोल्हापूरच्या उन्हात ती इमारत अर्धी थांबून राहिली, आणि तानाबाई उताराच्या तोंडाशी उभी राहून, कमरेवर हात ठेवून, खालून येणारा वारा बघत होती.